फोटोसाठी काढलेली चप्पल

पहिल्याच रविवारी सरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले. ‘समोर जे आहे ते.’ मग म्हणाले, “एकही वस्तू हलवायची नाही. कुणाला बस, ऊठ, इकडं बघ म्हणायचं नाही. लग्नाचे फोटो काढणारे सांगतात. आपण बघतो.”

वर्ग हसला. मीही हसले. लग्नाचे फोटो काढणारी त्या वर्गात मी एकटीच होते.

नगरच्या एका स्टुडिओत मी तीन वर्षं तेच करत होते. लग्नं, डोहाळजेवणं, वाढदिवस. नवरीच्या गालावरचे डाग पुसण्यात माझा हात चांगलाच बसला होता. त्याचा वीट आला म्हणून मी या रविवारच्या वर्गात नाव घातलं. बातमीसाठी फोटो कसे काढायचे, माणसांचं जगणं फोटोंतून कसं मांडायचं, ते इथं शिकवायचे. सर मोठ्या शहरातून यायचे. शिकवायचे चांगलं, हे मला आज रागातही नाकारता येत नाही. माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर त्यांनी आम्हाला अख्खी सकाळ उभं केलं आणि फक्त दहा फोटो काढायची परवानगी दिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की बटण दाबण्यापेक्षा न दाबणं अवघड असतं.

जानेवारीत ते आम्हाला कोपरगावकडे घेऊन गेले. साखर कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या, पलीकडं उसाचा फड. बाकीची मुलं गाडीतून उतरून बावरली. मी नाही बावरले. मी पाथर्डीची. आईबाप ऊसतोडीला जायचे, सहावीपर्यंत मीही अशाच कोपीत राहिलेली. पुढं वसतिगृहात राहून शिकले. हे मी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. का नव्हतं, याचंही उत्तर माझ्याजवळ धड नाही.

फडाच्या कडेला एक बाई मोळी बांधून नुकतीच थांबली होती. माझ्या आईपेक्षा थोडी लहान असेल. अंगात नवऱ्याचा शर्ट, पायात निळी, जाड तळव्याची नवी चप्पल. हातातल्या मोबाईलवर लेकीशी बोलत होती. लेक गावाकडं वसतिगृहात. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू येत होतं. लेक विचारत होती, “चप्पल लागती का गं?” आणि बाई हसून म्हणत होती, “न्हाई गं, लई मऊ हाय.”

माझा कॅमेरा डोळ्याला होता. तेवढ्यात सर पुढं झाले.

“मावशी, तो फोन जरा बाजूला ठेवा ना.”

“पोरीचा हाय.”

“दोनच मिनिटं.”

तिनं फोन बंद करून कनवटीला खोचला. सरांनी तिला मोळी डोक्यावर घ्यायला सांगितली. कॅमेऱ्यातून पाहिलं, मान हलवली. म्हणाले, “आणि ती चप्पल काढा.”

“पाचटात? घुसतंय की पायात.”

“फोटोत बरं दिसत नाही, मावशी. एकच मिनिट.”

तिनं इकडंतिकडं पाहिलं. आमच्यात बाईमाणूस मी एकटीच. तिनं मला विचारलं, “काढू का गं?”

मी मान हलवली. हो म्हणून.

डोक्यावर मोळी सांभाळत तिनं एकेक चप्पल पायानंच बाजूला सारली. सर गुडघ्यावर बसले. मी मागं सरकले आणि फोटो काढला. त्यात गुडघ्यावर बसलेले सर, तिचे उघडे पाय आणि शेजारी उलटी पडलेली चप्पल, सगळं आलं. हे काही मी धैर्य म्हणून केलं नाही. तोंड उघडायची हिंमत नव्हती, म्हणून बोट चाललं.

पुढच्या रविवारी सरांनी काढलेला तिचा फोटो एका दैनिकाच्या पुरवणीत मोठा छापून आला. वर मथळा, ‘अनवाणी आयुष्य’. वर्गात पेढे वाटले. मग प्रत्येकाचे दहा फोटो पडद्यावर लागले. शेवटी माझा तो फोटो आला.

“हा काढून टाक,” सर म्हणाले. “चौकट विस्कटलीय.”

“सर, समोर जे आहे ते, असं तुम्हीच लिहिलं होतं.”

“सत्य दाखवायला कधी कधी हातभार लावावा लागतो. त्या बायका अनवाणी राबतात, हे खोटं आहे का?”

“माझी आई तोडीला जायची, सर. चप्पल तुटली तर तारेनं शिवायची, पण बिनचपलेची फडात पाय टाकत नव्हती. तोडलेल्या उसाचं धसकट तळव्यात आरपार जातं.”

“तू भावनेच्या भरात बोलतेयस.”

एवढं ऐकून माझ्या अंगाचा जाळ झाला. तिची चप्पल काढून घेतली ते कौशल्य, आणि मी ते बोलले की भावना! वर्षअखेरीच्या प्रदर्शनात माझे नऊ फोटो लावायला ते तयार होते. मी म्हटलं, दहा, नाहीतर एकही नको. एकही लागला नाही. प्रमाणपत्रही मिळालं नाही.

त्याआधीच, पुरवणी आली त्याच आठवड्यात, मी ती आणि माझा फोटो घेऊन एसटीनं कोपरगाव गाठलं होतं. बाई कोपीसमोर भाकरी थापत होती. मला बघून ती उठली नाही.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “त्यो फोटू पोरीच्या वर्गात दावला कुनीतरी. समद्या पोरी हसल्या तिला, तुझ्या आईला चप्पलबी न्हाई म्हून. तिनं सुट्टीत कामाला जाऊन घेतली हुती ती मला. दोन दिस बोलली न्हाई माझ्याशी.”

मी तिच्यासमोर खाली बसले.

“तूच म्हनलीस ना, काढ म्हून?”

“व्हय. मीच.”

“मंग आता काय करती?”

मी माझा फोटो तिच्यापुढं धरला आणि याखाली काय लिहू म्हणून विचारलं. तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले, फोटो बराच वेळ पाहिला आणि सांगितलं, “लिव. सायबानं चप्पल काढाया लावली. चप्पल लेकीनं दिलेली हाय.”

तेवढंच लिहून मी फोटो दैनिकाला पाठवला. उत्तर नाही. ऑफिसात गेले, तर टेबलामागचा माणूस म्हणाला, “बाई खरी आहे, ऊस खरा आहे. खोटं काय आहे त्यात?” शेवटी पाथर्डीच्या एका साप्ताहिकानं तो छापला, खाली तिचेच शब्द. अंक मी स्वतः तिच्या लेकीला नेऊन दिला. तिनं उभ्यानंच वाचला, घडी करून वहीत ठेवला आणि वर्गात निघून गेली.  माझ्याशी बोलावं असं मी काही केलंही नव्हतं.

त्याच साप्ताहिकात मी आता काम करते. पण मोठ्या दैनिकात सरांचा तो ‘अनवाणी’ फोटो अजून येतो. गळीत हंगाम सुरू झाला की कुणीतरी तो उचलतं आणि छापतं. दर वेळी मी फोन करते. गेल्या वर्षी फोन घेणाऱ्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मॅडम, आमच्याकडे ऊसतोडीचा एवढा चांगला फोटो दुसरा नाही हो.”