पाठ लांब, छाती आखूड

माझा थोरला भाऊ शिंपी. अख्ख्या बाजारात त्याच्यासारखा कोट कुणी बेतत नाही, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. त्याच्याइतका हट्टी गाढवही बाजारात दुसरा नाही, हे मात्र बहीण म्हणूनच सांगते.

आमच्या घरातले पुरुष चाळिशीत वाकायला लागतात. अण्णा, म्हणजे आमचे वडील, शेवटी असे वाकले की समोरच्याचा चेहरा बघायला त्यांना मान तिरकी करावी लागे. काका तसेच. दादाही त्याच वाटेवर. "मशीन पाठ खातं," म्हणायचं की सगळे मोकळे. वर तोरा! वाकल्याशिवाय शिंपी होत नाही म्हणे. गल्लीच्या टोकाचा शिंपी सत्तरीतही ताठ चालतो, तर तो कामचुकार ठरला.

चारचौघांत पोक दिसू नये म्हणून अण्णांनी घरच्यांसाठी वेगळी बेतणी काढली होती: पाठ लांब, छाती आखूड. दुखणं लपवायला एवढी अक्कल चालवली, त्यातली चिमूटभर दवाखान्यात जायला चालवली असती तर!

दादाची मुलगी सतरा वर्षांची. पाठ शाबूत राहावी म्हणून तिला मशीनला हात लावायची बंदी. तरी ती रोज सकाळी भिंत धरून उठायला लागली. जरा हिंडलीफिरली की बरी. दादाचा उपाय काय, तर पडून राहा. पडून ती आणखीच आखडली.

परवा दुकानात पोरीला शेजारी उभी करून तो तिचा शर्ट बेतत होता. त्यानं खडूची रेघ ओढली आणि मी बघतच राहिले. पाठ दोन बोटं लांब.

"दादा, हे काय?"

"तिला असंच नीट बसेल."

"म्हणजे तुला दिसतंय!"

"ओरडू नकोस. लोक ऐकतील. उद्या कोण करून घेईल तिला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लोक गेले खड्ड्यात! हिनं मशीनला बोट लावलं नाही, मग हिची पाठ कुणी खाल्ली? सांग ना!"

मी पोरीला घेऊन तडक दवाखाना गाठला. दादा दुकान उघडं टाकून मागे आला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, कमरेचे फोटो काढले. रिपोर्ट आल्यावर आम्हा तिघांना समोर बसवून म्हणाल्या, "हा कण्याच्या सांध्यांचा आजार आहे. मशीनचा दोष नाही, याचा कल पिढीजात येतो. सगळ्यांनाच होतो असं नाही, तुम्ही आत्याबाई सुटलात. आणि पडून राहणं बंद. हिला व्यायाम हवा."

मग त्यांनी बापलेकींना भिंतीला पाठ लावून उभं केलं. पोरीचं डोकं जरा रेटल्यावर भिंतीला टेकलं. दादा दातओठ खाऊन मागे रेटत होता, पण त्याच्या डोक्यामागे माझी वीत मावली असती.

"हिचं असंच राहील?" त्यानं विचारलं.

"आज औषध सुरू केलं तर बहुतेक राहील. तुमचं दुखणं कमी करता येईल, पण पाठ आता सरळ व्हायची नाही."

दादा तिथंच रडायला लागला. मला त्याची कीव यायला हवी होती. आला तो राग. अण्णांचा, काकांचा, त्याचा, सगळ्यांचा. आमच्यातल्या एकानं तरी वेळेत तोंड उघडून "दुखतंय" म्हटलं असतं, तर माझा भाऊ आज पोरीशेजारी ताठ उभा असता.