जिथे चहासुद्धा मिळत नाही

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा आमच्या ह्यांनी नणंदेसमोर ऐटीत सांगून टाकलं, "आम्ही तर बाबा स्नॉर्केलिंग करणार." नणंद लगेच म्हणाली, "मग आम्ही पण." ताई आणि त्यांचे मिस्टर द्रोणागिरीच्या घरी परत गेले, दार लागलं आणि हे सोफ्यावर बसून म्हणाले, "आता गं काय करायचं?"

कारण आमच्या ह्यांना पाण्याची भीती वाटते. शॉवर घेतात तोसुद्धा डोकं बाहेर ठेवून. लहानपणी साताऱ्याकडच्या गावी विहिरीत पडले होते, आणि ताईंनी हात धरून बाहेर काढलं. ही गोष्ट ताई प्रत्येक लग्नाला, मुंजीला, बारशाला सांगतात. आमच्या लग्नात तर मी हार घालायच्या आधी ऐकली. "मी नसते तर आज हा बाळ नसता." बाळ आता पन्नाशीचे आहेत, तुर्भ्याच्या कंपनीत हाताखाली माणसं आहेत, पण हा किस्सा सुरू झाला की ताटातल्या लोणच्याकडे बघत बसतात.

"मला एकदा पाण्यात तोंड घालून मासे बघायचेत," ते म्हणाले. "पण ताईसमोर नाही. मी घाबरलो तर विहिरीला जोड मिळेल. तू अशी जागा शोध, जिथे चिटपाखरूसुद्धा येणार नाही."

मी खाडीकाठच्या गावची. आमच्या मिठागरांवर आता टॉवर झालेत, पण माहेरचं पाणी अंगातून जात नाही. मी फोन घेऊन बसले. लोक चांगले रिव्ह्यू वाचतात, मी वाईट वाचले. जिथे "फॅमिलीसाठी बेस्ट" लिहिलंय ते रद्द. जिथे फोटोत ओळीने लाइफ जॅकेट घातलेली नवी जोडपी, ते रद्द. शेवटी एका लहान बेटावरचा किनारा सापडला. कुणीतरी रागाने लिहिलं होतं, "वॉशरूम नाही, नेटवर्क नाही, चहासुद्धा मिळत नाही. पैसे वाया." मी त्या माणसाला मनोमन हात जोडले. लॉजवाल्याला फोन करून विचारलं, मगर वगैरे? तो म्हणाला, मगरींचा बोर्ड पलीकडच्या खाडीला आहे, इथे मासेच. फक्त तिकडे कोणी फिरकत नाही.

तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून ठरवली. ताईंना लाँग वीकेंड हवा होता, तो नेमका पुनवेला येत होता. उधाणाचं पाणी ओढतं आणि गढूळ असतं. आईला विचारलं तर ती फोनवर म्हणाली, "अष्टमीच्या भांगाला जा गो. पानी निवल असतं." भांगाची भरती म्हणजे लहान भरती, पाण्याला जोर नसतो. ताईंना मी सांगितलं, वीकेंडला विमान महाग आहे. ते काही खोटं नव्हतं.

मग आमच्या खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये सराव सुरू झाला. मास्क लावून, तोंडात नळी धरून हे बाथरूममध्ये बादलीत तोंड घालायचे. मास्कमध्ये नाक झाकलेलं असतं, तरी वरून चिमटीत धरायचे. एका रविवारी तसेच बसले होते आणि बेल वाजली. ताई. हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले, कपाळावर गोल वळ.

"हे काय रे बाळ?"

"सायनस," हे म्हणाले. "वाफ घेत होतो."

ताईंनी त्यांना खाली इनो आणायला पिटाळलं. मला वाटलं, आता माझी झडती. तर त्या ओट्याशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तुला पाण्याचं कळतं ना गं? मला एखादी जागा बघ तिथे. जिथे कोणी नसेल. म्हणजे, बाळ नसेल."

मी विचारलं, का हो ताई?

"मला पाण्याची भीती वाटते. त्या विहिरीपासून मी गळ्याच्या वर पाणी घेतलेलं नाही. पण मासे बघायचेत एकदा. बाळला कळता कामा नये हं. त्याला वाटतं मी धीट आहे."

मला इतकं हसू आलं की मी फ्रिज उघडून आत तोंड घातलं. दोन्हीकडून एकच ऑर्डर, आणि जागा माझ्याकडे एकच. तोंड गंभीर करून मी म्हटलं, "बघते हं. अवघड आहे, पण बघते."

बेटावर पहिल्या दिवशी ताईंना आणि त्यांच्या मिस्टरांना मी बाजारात शंख बघायला धाडलं आणि ह्यांना घेऊन निघाले. सुपारीच्या बागेमागून पायवाट, मग अर्ध्या चंद्रासारखा किनारा आणि काचेसारखं पाणी. हे कमरेपर्यंत गेले, मास्क लावला, नाक चिमटीत धरलं आणि आकाशाकडे बघत उभे राहिले. "उद्या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ह्यांना बोटीची तिकिटं कन्फर्म करायला पाठवलं आणि ताईंना आणलं. ताई कमरेपर्यंत गेल्या, मास्क लावला, नाक चिमटीत धरलं. त्याच जागी, त्याच दगडाशी. "उद्या नक्की," म्हणाल्या. एका आईची लेकरं, दुसरं काय.

तिसरा दिवस शेवटचा. आदल्या रात्री दोघांनीही वेगवेगळं गाठून विचारलं, उद्या कधी? मी दोघांनाही एकच वेळ सांगितली. ताईंना म्हटलं, रस्ता माहीत आहे, तुम्ही या, मी तिथेच भेटते.

ताई बागेतून बाहेर आल्या तेव्हा हे जॅकेट, मास्क, नळी असा सगळा साज करून वाळूत उभे होते. ताईंचाही तोच साज.

"तू काय करतोयस इथे?"

"मासे बघतोय."

"वाळूत?"

ह्यांनी मास्क डोळ्यांवर ओढला. मग ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी पाण्यात जायची वेळ झाली. मी मास्क लावून सरळ आत गेले, जॅकेटवर पालथी तरंगले आणि खाली बघायला लागले. निळे-पिवळे मासे प्रवाळातून ये-जा करत होते. खरं सांगायचं तर दोन-चार कालवणाला छान होते. वर काय चाललंय ते कळत नव्हतं. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, दोघंही लॉजवर गेले, आणि आता माझी जन्मभर धडगत नाही.

मग पाण्यात चार पाय दिसले. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मग एक बांगड्यांचा हात आला आणि त्याने दुसऱ्या हाताचं मनगट पकडलं. आणि दोन तोंडं एकदमच खाली आली, डोळे एवढे मोठे. कुणीही नाक धरलं नव्हतं, धरलं होतं ते एकमेकांना. ह्यांनी बोटाने एक मासा दाखवला. ताईंनी मान हलवली. मला मास्कमध्ये रडू आलं, आणि मास्कमध्ये रडणं फार गैरसोयीचं असतं.

किनाऱ्यावर येऊन बसलो तरी ताईंनी मनगट सोडलं नव्हतं.

"ताई, सोड आता. बाहेर आलो आपण."

ताई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "विहिरीत सुटला होता रे तुझा हात. आधी एकदा. माझ्याच हातून सुटला आणि तू खाली गेलास. ते मी कधी कोणाला सांगितलं नाही."

मी वाळू उकरत बसले. एवढ्या लग्नांतून, एवढ्या बारशांतून ऐकलेल्या गोष्टीत हे कधीच नव्हतं. माझी चेष्टा कुठल्या कुठे गेली.

"मला आठवतंय ते," हे म्हणाले.

"तरी बोलला नाहीस कधी?"

"तू इतकं रंगवून सांगायचीस. मध्ये कशाला बोलायचं?"

परत आल्यावर महिन्याभरात नात्यात एक साखरपुडा होता. जेवणाच्या पंगतीत ताईंना कुणीतरी छेडलं आणि विहीर सुरू झाली. पण हात धरला इथपर्यंत आल्या आणि ताई थांबल्या. वाढपी जिलेबी घेऊन उभा होता, सगळे त्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी लोणच्यावरची नजर वर केली.

"दोनदा धरला हिने," हे म्हणाले. "लोक एकदाच धरतात."