शेवंता आणि तो उलटा फेरा

पवनीच्या बाजारात मी मासोळी तोलून घेऊन राहिलो होतो, तेव्हा शेजारच्या मोरेश्वरचा फोन आला. "काका, जिथं असान तिथून घरी या." काहून ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बायको आजारी असती तर तो 'दवाखान्यात या' म्हणाला असता. घरी या म्हणजे आता घाईचं काही उरलं नाही. थैली मासोळीवालीच्या हातात तशीच ठेवून मी निघालो... शेवंता अंगणात बसल्या बसल्या गेली होती.

घाटावर भंतेजींनी वंदना घेतली. मग एकेक माणूस फूल ठेवून तिच्याभोवती फिरू लागला. माझी पाळी आली आणि पाय उचलेनात. उजवीकडून जायचं की डावीकडून, एवढंच ठरेना. व्याही लोकांना म्हणाले, "दुःखानं माणूस थिजला." दुःख तर होतंच, खोटं कशाला बोलू? पण पाय दुःखानं धरले नव्हते, भेवानं धरले होते. तो भेव मी काही वर्षांपूर्वी परदेशातून घेऊन आलो होतो. शेवंताशिवाय तो कोणाला माहीत नव्हता. आता तीच नाही, म्हणून लिहून टाकतो. मी चौथी शिकलेला माणूस, शब्द मागे-पुढे झाले तर सांभाळून घ्या.

आमची पोरगी प्रज्ञा बँकॉकला राहते, जावयाची नोकरी तिकडे आहे. तिनं आम्हा दोघांना उन्हाळ्यात बोलावलं. भंडाऱ्याच्या पुढे नागपूर आणि नागपूरच्या पुढे दीक्षाभूमी, एवढंच आमचं जग. विमान सुटलं तशी शेवंतानं माझं मनगट धरलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. तिथं गेल्यावर घराबाहेर पडायची सोय नाही. भाषा नाही, पाटी वाचता येत नाही, लिफ्टचं बटण दाबलं तर भलत्याच माळ्यावर नेऊन सोडते. पोरीच्या घराचा पत्ता मला पाठ होईना. रोज वाटायचं, हरवलो तर कोणाला काय सांगू?

मग एक दिवस प्रज्ञा म्हणाली, "उद्या इथं सरकारी सुट्टी आहे. बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी मोठ्या विहारात जाऊ." शेवंताचा चेहराच बदलला. "म्हणजे साऱ्या देशाले सुट्टी? आपल्याच सणाची?"

मी म्हणालो, "आपल्या इकडं नसते का सुट्टी?"

"असते वो. पण ती कायची आहे, हे अर्ध्या गावाले माईत नसते. माईत असलं तरी सांगत नाई कोनी."

त्या पौर्णिमेला शेवंतानं उपोसथ धरला. गावी दर वर्षी धरायची. अष्टशील घ्यायचं, पांढरं लुगडं नेसायचं, बाराच्या आत एकदा जेवायचं आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाला हात लावायचा नाही. पण गावी ती धरत होती तेव्हा तिला साखरेचा आजार नव्हता. आता सकाळ-संध्याकाळ गोळी होती. पोरगी रागावेल म्हणून तिला काही सांगितलं नाही. निघायच्या आधी शेवंतानं पाण्यासोबत गोळी गिळली. मी बोललो, "पोटात काई नाई अन् गोळी?" तर म्हणे, "गोळी काय अन्न आहे? डाक्टर म्हनला चुकवू नोका, म्हनून घेतली. अन्न शिलात बसत नाई, म्हनून खाल्लं नाई. दोघाईचं आयकलं मी." तिच्या हिशोबात चूक दाखवायला मला तरी कुठं अक्कल होती!

विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठा सोनेरी स्तूप, आणि त्याच्याभोवती हजारो माणसं हातात फूल, उदबत्ती, मेणबत्ती घेऊन सावकाश फिरत होती. सगळे पांढऱ्यात. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. मधेच ओळखीचे पाली शब्द कानावर यायचे, पण चाल परकी. शेवंता आपल्या गावच्या चालीत मोठ्यानं म्हणत होती आणि लोक मागे वळून हसत होते. पहिल्या फेऱ्यात ती माझ्या पुढे होती. दुसऱ्यात प्रज्ञानं माझी विझलेली मेणबत्ती पेटवून दिली, तेवढाच वेळ गेला. मान वर केली तर शेवंता नाही.

सुरुवातीला भेव वाटला नाही. गावच्या मंडईच्या जत्रेतही ती अशीच सुटायची, जिलेबीच्या दुकानाशी सापडायची. मग प्रज्ञा म्हणाली, "बाबा, आईनं गोळी घेतली ना?"

"घेतली. माझ्यासमोर."

"अन् जेवन?"

मी सांगितलं. पोरगी किंचाळलीच. "बाबा, तिची साखर एकदम उतरन. ती चक्कर येऊन पडन. तिचा फोन माह्याजवळ आहे... तुमी इथंच थांबा, हलू नोका. मी पोलिसाले सांगून येतो." आणि ती गर्दीत घुसली.

मी उभा राहिलो. माझ्यासमोरून पाठी जाऊ लागल्या. पांढऱ्या पाठी, एकसारख्या. गावात पांढरं लुगडं दिसलं की मी लांबून ओळखायचो. इथं सारं रान पांढरं. शेवंते, शेवंते, म्हणून हाका मारल्या, त्या घंटेच्या आवाजात बुडाल्या. कुठं पडली असेल, कोणाच्या पायाखाली आली असेल, तिची बोली कोणाला समजेल... मला एवढंच समजत होतं की पाठी पाहून बाई सापडत नाही, तोंडं पाहावी लागतात. मी वळलो आणि उलटा चालू लागलो.

सगळे एका दिशेनं येऊन राहिले आणि मी एकटा त्यांच्या अंगावर चाललो. लोक दचकून बाजूला होत. एका पोरानं माझा दंड धरून मला हळूच वळवायला पाहिलं, मी हात झटकला. एका म्हातारीनं तर डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, रागावले असतील, रागावू द्या. प्रत्येक बाईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मी पाहत होतो. किती फेरे झाले, कोण मोजतं?

ती सापडली स्तूपाच्या मागे, पायऱ्यांवर. घामानं लुगडं अंगाला चिकटलेलं, मान एका बाजूला. चार-पाच बाया जमलेल्या. एक मुंडण केलेली, पांढऱ्या वस्त्रातली म्हातारी तिच्या तोंडाला लाल सरबताचा पेला लावत होती, आणि ही बाई दात आवळून बसलेली!

"अवं पी! पी म्हनतो ना!" मी ओरडलो.

"उपोसथ आहे माहा..." एवढंच म्हणाली, तेही अडखळत. ओठ पांढरे.

"मरशीन तं शील कोन पाळन?"

तिनं मान हलवली. तेव्हा त्या म्हातारीनं पेला आपल्या तोंडाला लावून एक घोट घेतला. मग स्वतःच्या वस्त्राला बोट लावलं, शेवंताच्या लुगड्याला बोट लावलं. मीही तेच शील धरलेली आहे आणि मी पिते, असं तिचं सांगणं. शेवंतानं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पेला रिकामा झाला, दुसरा झाला. मी तिथंच खाली बसलो.

जरा शुद्धीवर येते तर काय म्हणाली? "पाहा, त्या बाईनं न बोलता समजावलं. तुमी सारा जन्म ओरडून राहिले, मले कधी काई समजलं का?" तोवर प्रज्ञा आली. आईच्या गळ्यात पडून रडली आणि मग दोघांनाही असं झोडलं की विचारू नका.

भेव इथं संपायला पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी जेवताना मी उलटं फिरल्याचं सांगितलं, तशी प्रज्ञाचा हात ताटातच थांबला. "बाबा, इथं उलटा फेरा फक्त प्रेत नेताना घालतात." पोरगी सहज बोलून गेली. मी मात्र ताटावरून उठलो. शेवंता हसली. "तुमच्या बापानं घरचे देव वैनगंगेत सोडले, अन् तुमी बँकॉकचा अपशकुन धरून राहिले?" खरंच होतं. मी भूत मानलं नाही, करणी मानली नाही, उतारा ओलांडून शाळेत गेलेला माणूस. पण भेव मानणं न मानणं पाहत नाही. तिच्या जिवंतपणी मी तिच्याभोवती मेल्याचा फेरा घालून आलो, हे डोक्यातून गेलं नाही. त्यानंतर ती चांगली काही वर्षं जगली, हे मला माहीत आहे. तरी घाटावर तिच्याभोवती फिरायची वेळ आली तेव्हा मी कोणत्याच बाजूनं फिरलो नाही. लोक निघून गेले तरी एका जागी उभा होतो.

गावी परतल्यावर मला एक खोड लागली. दुपारी जिथं असेन तिथून घरी यायचं. बांधीवर धानाचा रोवणा चालू असो की कोणाकडं बैठक असो. ती ताट वाढून घ्यायची आणि मी चुलीजवळ उभा. तिचा पहिला घास पोटात गेला की मग मी बसणार. ती चिडायची, "शिपाई हो का तुमी? बसा न बापा!" कधी मुद्दाम घास हातात धरून मोरेश्वरच्या बायकोशी गोठी करत बसायची, मला तेवढाच वेळ उभा ठेवायला.

आता भात मीच रांधतो. ताट वाढून घेतो आणि चुलीजवळ उभा राहतो. पहिला घास कोणी घेत नाही, म्हणून मला बसता येत नाही. उभ्यानंच जेवतो. प्रज्ञा रोज फोनवर विचारते, "बाबा, नीट बसून जेवता ना?"

मी हो म्हणतो.