अर्धं काम माझ्या बिल्ल्यावर

कौसल्या सिस्टरांना रेडियमच्या खोलीतून बाहेर काढणारा माणूस मी आहे.

आज सकाळी लोहाऱ्याला, मुलाच्या घरी, त्या वारल्या. वय शहाऐंशी.

माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये बहुतेक माझे जुने विद्यार्थीच आहेत. सिस्टर कोण, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. म्हणून क्रमानं सांगतो. सवयच आहे.

साठच्या दशकात यवतमाळच्या एका लहान रुग्णालयात गर्भाशयाच्या कर्करोगावर रेडियमनं उपचार होत. अर्ध्या आगकाडीएवढ्या धातूच्या नळ्या, आत रेडियम. डॉक्टर त्या रुग्णाच्या शरीरात बसवत. दोनतीन दिवसांनी त्या काढून शिशाच्या तिजोरीत परत ठेवायच्या.

ही सगळी हाताळणी आमच्या दोघांची.

मी मुकुटबनच्या शेतकऱ्याचा मुलगा, भौतिकशास्त्र शिकून आलेला. त्या नर्स. धम्म स्वीकारलेल्या घरातली, शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी.

किरणांपासून वाचवणाऱ्या गोष्टी तीनच. वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसं. त्यातही अंतराचा नियम इतका सुंदर आहे! अंतर दुप्पट केलं की मारा निम्मा होत नाही, थेट चौथा हिस्सा होतो. हे सांगताना मला आजही खुर्चीतून उठावंसं वाटतं.

सिस्टरांना मी शेगडीचं उदाहरण दिलं होतं. त्या म्हणाल्या, "मंग लोहाऱ्याच्या घरूनच करू का काम, सर? चिमटा तेवढा लंबा द्या."

आमची पद्धत अशी. एकानं शिशाच्या विटांआडून लांब चिमट्यानं काम करायचं. दुसऱ्यानं दारापाशी घड्याळ धरून सेकंद मोठ्यानं मोजायचे. ठरलेला आकडा आला की जागा बदलायच्या.

त्यांचा हात झपझप चाले. माझा नाही.

"सर, तुमची एक नळी होते तवरिक माह्या तीन होते."

दोघांच्याही छातीवर फिल्म बॅज असे. रुग्णालयात सगळे त्याला बिल्ला म्हणत. आतली फिल्म किरणांनी काळी पडते. ती दर महिन्याला टपालानं मुंबईला जाई आणि कोणाला किती मात्रा लागली याचा आकडा परत येई.

एका वर्षी जुन्या नळ्यांची आवरणं झिजली. गळती लागण्याआधी सगळा साठा बदलायचं ठरलं. प्रत्येक जुनी नळी उचलायची, क्रमांक वाचायचा, परतीच्या पेटीत ठेवायची. मग नवी नळी तिजोरीत.

मी कागदावर वाटणी केली. अर्ध्या सिस्टरांच्या, अर्ध्या माझ्या.

नवा साठा पोचायच्या आदल्या दिवशी मुकुटबनहून तार आली. वडील अत्यवस्थ.

पंधरा दिवसांनी मी डोकं भादरून परतलो.

काम झालेलं होतं. ताटकळत असलेल्या मारेगावच्या दोन बायांचे उपचारही झाले होते. डॉक्टरांनी हातभार लावला असेल, असं मी समजलो.

महिन्याअखेरीस आकडे आले. माझ्या बॅजवर भली मोठी मात्रा.

मी तर तेव्हा मुकुटबनला होतो!

"सिस्टर, माझा बॅज खुंटीवर होता."

"व्हय. मीच काढून लावला."

"का पण?"

"काहून म्हंजे? कागदावर अर्धं काम तुमचं व्हतं ना? तुमच्या अर्ध्याले तुमचा बिल्ला लावला, माह्या अर्ध्याले माह्या."

मी आकड्यांचा कागद पुढं केला. "अहो, फिल्मला नाव कळत नाही. किरण सगळे तुमच्याच अंगात गेले."

"मंग त्या दोघी काय तुमचा बाप बरा होयेस्तोवर थांबल्या असत्या?"

बोलून त्या ओशाळल्या. नजर माझ्या भादरलेल्या डोक्यावर गेली होती.

दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर मर्यादेत होते. एकत्र केले की बाहेर. आणि ते एकत्र करायचे आहेत, हे मुंबईत कोणाला ठाऊक नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर सिस्टर तिथंच राहिल्या असत्या.

त्या खोलीला त्यांची गरज होती. नळ्या बसवल्या की बाईजवळ घरचंही माणूस बसू द्यायचं नाही, असा नियम. मी सुरक्षित अंतरावर फरशीवर रंगाची रेघ मारली होती. सिस्टर रेघेच्या अलीकडे स्टूल टाकून बसत आणि तिथून गप्पा मारत. कापसाच्या, सुनांच्या, कोणाच्या नवऱ्याच्या घोरण्याच्या. पलीकडून हसू ऐकू येई.

"सर, मुंबईले लिहू नका. मले इथंच राहू द्या."

मी लिहिलं.

त्यांची बदली ड्रेसिंगच्या खोलीत झाली. कायमची.

"तुमीच शिकवलं अन् तुमीच हाकललं," त्या म्हणाल्या. पुढं कित्येक वर्षं बोलल्या नाहीत.

त्यांच्या जागी कोणी यायला तयार होईना. चिमटा धरून मी माझेच सेकंद मोठ्यानं मोजू लागलो. एकदा त्या स्टुलावरही जाऊन बसलो. परका पुरुष पाहून खाटेवरच्या बाईनं भिंतीकडे तोंड वळवलं. मी उठलो.

पुढं मी शिकवण्याकडे वळलो, मग आम्ही दोघंही रिटायर झालो, अबोला सुटला. बुद्धपौर्णिमेला मी लोहाऱ्याला जात असे. त्या खीर देत. तो विषय मात्र दोघांनीही टाळला.

गेल्या महिन्यात मीच काढला.

"सिस्टर, शहाऐंशी वर्षं ठणठणीत राहिलात. माझा निर्णय बरोबर होता, असं नाही वाटत?"

"असन," त्या म्हणाल्या. "पन मंग नंतरच्या बाया पडल्या पडल्या कोनाशी बोलत व्हत्या? थे सांगा."

मी खीर संपवली आणि निघालो.

कोणाशीच नाही, सिस्टर. मी दाराबाहेरच असायचो. मला ठाऊक होतं.

आपल्याला माझा अखेरचा जयभीम.