ओल्या रंगातलं बोट

लोणीतल्या घराच्या फाटकाला काल ऑइलपेंट दिला. त्या वासानं मला माझा रणगाडा आठवला. थोरला भाऊ फौजेत रणगाडा चालवायचा, म्हणून मीही प्लॅस्टिकचे तुकडे चिकटवून एक केला आणि हिरवा रंगवून ओट्यावर वाळत ठेवला.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आईनं विळा, कोयता, ट्रॅक्टर पुजला आणि रणगाड्यावरही कुंकवाचं बोट टेकवलं.

“आई, रंग ओला व्हता ना!” मी लई भडकलो. रंगात तिच्या बोटाचा ठसा उमटला होता.

“आसू दे. तिकडं त्येच्या गाडीला कोन कुंकू लावतंय?”

भाऊ सुखरूप घरी आला. आई आता नाही. कुंकू केव्हाच उडालं, ठसा मात्र तसाच आहे. दर खंडेनवमीला भाऊ ट्रॅक्टरच्या आधी त्या ठशात कुंकू भरतो.