‘हॉन्टेड’ घरात जेवणारे तिजारे सर

“ईऽऽऽरी…” पत्र्याच्या पार्टिशनपलीकडून हा लांबवलेला आवाज यायचा, त्यामागोमाग साठेक पोरांचा प्रतिध्वनी, आणि इकडे माझ्या वर्गातली कविता ओळीच्या मध्येच थांबायची. देवळीच्या आमच्या शाळेत तेव्हा नववीच्या दोन तुकड्या एकाच लांबलचक खोलीत भरत. अलीकडे मी मराठी शिकवीत असे, पलीकडे नव्याने रुजू झालेले प्रभाकर तिजारे सर इंग्रजी. त्यांची माझी पहिली ओळख ही अशी, तोंड पाहण्याआधी कानाने झालेली.

आज सरांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत ते ऐन चाळिशीत होते. शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून देणे त्यांना मंजूर नसे. शब्द आधी अंगावर आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. भुताखेतांच्या धड्याला त्यांनी भर दुपारी खिडक्या लावून घेतल्या आणि विचारले, “आता काय वाटून राह्यलं?”

“सर, मानेवर कोनीतरी फुंकून राह्यलं!”

“कोण?”

“कोनीच नाई!”

“मग तेच ईरी.” रोजच्या ओळखीची वस्तू एकाएकी परकी वाटली की अनकॅनी. गेलेले माणूस जिथून निघायला तयार नाही ती जागा हॉन्टेड. मी इकडे खडू हातात धरून ऐकत राही. माझ्या आजारपणात त्यांनी माझाही वर्ग सांभाळला. परतलो तेव्हा मी शिकवूनही महिनाभर पाठ न झालेली कविता पोरांना मुखोद्गत होती, आणि सर म्हणत होते, “मी काहीच केलं नाही हो. फक्त मोठ्यानं म्हटली.”

सरांच्या या गौरवग्रंथातल्या बहुतेक लेखांत गिरजाबाईंच्या खानावळीचा उल्लेख येईल. एका निराधार बाईची खानावळ सरांनी वाचवली, असे सारे गाव सांगते. ते ऐकले की सर मान खाली घालतात. लोक त्याला विनय समजतात. ती लाज आहे. आणि ती जशी आहे तशी लिहावी, ही त्यांनी मला घातलेली अट आहे.

त्या धड्याच्या दिवशी ‘हॉन्टेड’साठी उदाहरण हवे होते. सरांनी एक खिडकी उघडली. समोर गिरजाबाईंचे घर. माडीची खोली बंद, छपराचा सुटलेला पत्रा वाऱ्याने कण्हणारा, वळचणीला पारवे. “पाहा,” सर म्हणाले, “दॅट इज अ हॉन्टेड हाऊस.” वर्ग खूश झाला.

पोरांनी तो शब्द घरी नेला. मराठीत कुणी ‘भुताचं घर’ म्हटले असते, तर शिकलेल्यांनी ते हसण्यावारी नेले असते. पण हा शब्द इंग्रजी होता, शाळेतून आला होता आणि सरांनी सांगितलेला होता. त्याला जणू शिक्काच बसला. गिरजाबाईंकडे जेवणारे बँकेतले, तहसिलातले, आमच्याच शाळेतले एकटे लोक एकेक करून गळू लागले. भीती वाटते असे कुणीच म्हटले नाही. “काऊन हो, जेवाले येत नाई आता?” असे बाईंनी विचारले, की ज्याला त्याला अ‍ॅसिडिटी झालेली असे.

सरांना हे कळले तेव्हा ते आधी माडीवर गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून म्हणाले, “मी ज्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्याला नाव ठेवलं. चूक माझी.”

“मंग सर, त्या खोलीत हाये तरी काय?”

“कांदे.”

पोरे हसली. पण ‘हॉन्टेड’ जितक्या वेगाने घराघरांत गेले होते, तितक्या वेगाने ते कांदे गेले नाहीत. सर रोज दुपारी तिथे जेवायला बसू लागले, सोबत मलाही नेत. लोक म्हणत, सरांना मंत्र येत असेल. बाईंकडे त्यांनी माफी मागितली, तेव्हा तव्यावरची पोळी उलटत त्या म्हणाल्या, “तुमच्या मनात वाईट नव्हतं, समजते मले गुरुजी. पन कनिक तर मी पंगतीची भिजवतो, अन् ताटं दोन. या महिन्यानंतर पोरीकडे तळेगावले जातो. चूल बंद.”

इंग्रजी भाषेवर इतके प्रेम केलेल्या माणसाला तिच्या एका शब्दाने असे ओशाळे केलेले मी पाहिले आहे. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, कुणाच्या घरादाराचे उदाहरण त्यांनी वर्गात कधी दिले नाही. मोठेपण म्हणायचे तर मी यालाच म्हणेन.

सरांना पुढची वर्षे औषधांच्या डब्याविना, भरपूर पायी फिरण्याची आणि तशाच खणखणीत आवाजाची लाभोत, ही आम्हा सर्व स्नेह्यांची मनापासून इच्छा. आता त्यांच्या अटीतले उरलेले तेवढे, म्हणजे खानावळ खरोखर कशी वाचली ते, सांगतो.

महिना संपत आला होता. बाजाराचा दिवस, भर दुपार. आम्ही दोघे पाटावर बसलो होतो, बाई आतल्या डब्यांची बांधाबांध करीत होत्या. एवढ्यात गल्लीतला गलका एकदम थांबला. मी वळून पाहिले. समोरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर माणसे उभी राहून आमच्याच दाराकडे बघत होती. आणि दारात, गळ्यात माळा, कपाळभर शेंदूर, हातात मोरपिसांचा कुंचा, असा एक भगत उभा होता. भूत उतरवायला आसपासची गावे ज्याला बोलावत, तोच हा.

सरांचा चेहरा उतरला. भगताने मान वर करून माडी पाहिली, कण्हणारा पत्रा पाहिला, पारवे पाहिले. मग चपला काढल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बाई, बस चुकली माही. जेवन भेटंन काय?”