उंबऱ्यापुढची कवायत

पहिल्याच दिवशी मी मोबाईल टीव्हीच्या कपाटावर असा टेकवला, की खुर्चीत बसलेले आप्पा चौकटीच्या खाली गेले आणि त्यांच्या मागे उभा असलेला मी तेवढा पडद्यावर राहिलो. बंगळूरहून व्हिडिओवर व्यायाम घेणारी मुलगी बराच वेळ मला निरखत होती. मग हिंदीत, अगदी हळुवारपणे म्हणाली, "अंकल, खांदे वाकलेत, चेहऱ्यावर हावभाव कमी आहेत. पण घाबरू नका, आपण वेळेवर सुरुवात केलीय."

"पार्किन्सन्स मला नाही, माझ्या वडिलांना आहे," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात बायकोच्या हातून डाव पडला. ती एवढी हसत होती, की तो उचलायलाही तिला जमेना. आप्पाही हसले असावेत. या दुखण्यात चेहरा हलत नाही, हसू डोळ्यांत शोधावं लागतं.

आप्पा वडगावच्या शाळेत पी.टी.चे मास्तर होते. त्यांचं 'दक्ष' ऐकून शाळेमागच्या घरांतले विणकरसुद्धा मागावर ताठ बसत, असं गल्लीत अजून सांगतात. अशा माणसानं आता मोबाईलमधल्या पोरीच्या सांगण्यावरून हात वर-खाली करायचे. "हिच्याकडं शिट्टी बी न्हाय," हा त्यांचा पहिला आक्षेप. त्यात आवाज मोठा काढण्याचाही व्यायाम होता. शेजारचा यंत्रमाग सुरू झाला, की आप्पांचं 'दक्ष' मागे उभ्या असलेल्या माझ्यापर्यंतही पोचत नसे.

तरी रोज न चुकता ते खुर्चीत येऊन बसत, कारण दिवाळी जवळ येत होती. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, निपाणीला असते. भाऊबिजेला तिच्याकडे जायचं, हा आप्पांचा नेम. पण गेल्या वर्षी तिच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय गोठले. पार्किन्सन्सला दारांचं काय वावडं आहे कोण जाणे! मोकळ्यावर चालणारा माणूस दारात आला, की पावलं फरशीला चिकटतात. शेवटी आत्याच्या मुलांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि साखरेच्या पोत्यासारखं उचलून आत नेलं. गल्ली बघत होती. घरी आल्यावर आप्पांनी सांगून टाकलं, "पुढच्या भाऊबिजेला माझ्या पायानं आत जाणार. न्हायतर जाणारच न्हाय."

बंगळूरची मुलगी म्हणाली, जमिनीवर आडव्या रेघा मारा, त्या ओलांडायच्या म्हटलं की पाय उचलतो. मी कॅम्पातल्या बाजारातून रंगीत चिकटपट्टी आणली आणि गुडघ्यांवर बसून दिवाणखाना ते न्हाणीघर असा रस्ताच आखला. दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना ती पट्टी बायकोच्या फडक्याला चिकटून बाहेर गेली. बायकोनं चिमटीत रांगोळी घेतली आणि दारात चार रेघा ओढल्या.

आणि आप्पा बगळ्यासारखे पाय उचलून पलीकडे गेले! रांगोळीवर पाय पडला की पाठीत धपाटा, हे लहानपणीचं शिक्षण त्यांच्या पायांनी विसरलेलं नव्हतं. पडद्यावरची मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मी तिला रांगोळीचं शास्त्र असं समजावून दिलं, जणू ती मीच शोधून काढली होती.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मी आत्याला फोन केला. सल्ला देणं हा माझा एकमेव नियमित व्यायाम. "आप्पांची पावलं अडखळतात. दारात पायात येईल असं काही ठेवू नका," असं बजावलं.

निपाणीत आम्ही तिघं रिक्षातून उतरलो आणि आप्पा आत्याच्या गल्लीत माझा हात झिडकारून चालत गेले. घरोघरी मोठमोठ्या रांगोळ्या. फक्त आत्याचं दार धुऊन पुसून कोरडं केलेलं, दवाखान्यासारखं स्वच्छ.

"तूच म्हणालास न्हवं?" आत्या मला म्हणाली. "पहाटंला काढल्याली समदी रांगोळी पुसून टाकली बघ. नाती रुसल्यात माज्यावर."

उंबऱ्याशी आप्पांचे पाय थांबले.

"मामा, उजवा उचला!" "आधी डावा वो, डावा!" बंगळूरच्या मुलीला पाठवायला म्हणून मी मोबाईल उंच धरून चित्रीकरण चालवलं होतं. तसाच मी 'एक-दोन, एक-दोन' ओरडू लागलो. आत्याची मुलं बाह्या सरसावून पुढे आली.

"हात लावू नका!"

हा आवाज आप्पांचा. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. व्यायामाचा तेवढा गुण मात्र आला होता.

मग रांगोळी परत काढायचं ठरलं. नातींना कमळ काढायचं होतं, मला आडव्या रेघा हव्या होत्या. "सणाला नुसत्या रेघा? लोक काय म्हणतील?" असं एकीचं म्हणणं. मी उकिडवा बसून तिला मेंदू आणि पाय यांचा संबंध समजावत होतो.

"तुमचं चालू द्या," आत्या वैतागली, "माजं दूध उतू जायलंय." ती वळली आणि आत गेली.

शेवटी कमळाच्या पोटातच रेघा काढायच्या, अशी तडजोड झाली. मी चिमूटभर रांगोळी घेऊन मान वर केली, तर दारात आप्पा नव्हते.

ते आत होते. गॅसपाशी आत्या पाठमोरी उभी, आणि तिच्या मागे खुर्चीत आप्पा कपाळ पुसत बसलेले.

"आप्पा, आत कसे आला?"

"ती आत गेली. तिच्या मागनं मी गेलो," आप्पा म्हणाले. इतका बावळट प्रश्न त्यांना शाळेतसुद्धा कुणी विचारला नसावा.

आत्यानं चालण्याबद्दल एक शब्द काढला नाही. ताट घेऊन आली, म्हणाली, "टोपी नीट कर रं," आणि आप्पांनी हात उचलायच्या आत स्वतःच ती सरळ करून ओवाळू लागली. निरांजन मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरत राहिलं.

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीशी झोपले. मी चित्रीकरण लावून बघितलं. त्यात रांगोळीचा डबा होता, माझे गुडघे होते, कमळावरचा सगळा वाद होता. आप्पांची टाचसुद्धा नव्हती. मी बायकोला सांगू लागलो, की हे बंगळूरच्या मुलीला सविस्तर कळवलं पाहिजे. पुढे एक माणूस चालवायचा, मागे आप्पा, अशी एक पद्धतच बसवता येईल, आणि त्यावर देखरेख मी...

बायकोनं आप्पांच्या गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला.

"उद्यापासनं क्लासच्या वेळेला तुम्ही गच्चीवर जाऊन बसा," ती म्हणाली. "चहा वर आणून देते."